दाजींची व्हॅन आणि डबाभर भंडारा

आमच्या दाजींनी हात लावल्यावर एखादं यंत्र आधीपेक्षा बरं चालायला लागलं, असा एकही प्रसंग माझ्या माहितीत नाही. आणि यंत्र बिघडलं म्हणून दाजींनी हात आखडता घेतला, असाही मला आठवत नाही. दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान. शहरात, गारखेड्याच्या वस्तीत राहतात, एका सरकारी कचेरीत कारकुनी करतात, आणि तिथं म्हणे इतके शहाण्यासारखे वागतात की साहेबलोकसुद्धा त्यांना विचारून सही करतात. हा सगळा शहाणपणा ते संध्याकाळी फाटकाबाहेर ठेवून आत येतात. शर्ट खुंटीला, अंगात बनियन, हातात पाना. आणि मग घरात जे जे म्हणून फिरतं, घुमतं, घरघरतं, त्या सगळ्यांच्या पोटात गोळा येतो. मी पडलो त्यांचा धाकटा मेव्हणा. बहिणीच्या नवऱ्याला नाही म्हणायची आपल्याकडं सोय नसते. त्यामुळं गेली कित्येक वर्षं या शस्त्रक्रियांच्या वेळी बॅटरी धरून उभं राहायचं काम माझ्याकडं आहे. बॅटरी कुठंही धरली तरी ती चुकीच्याच जागी धरलेली असते, एवढं ज्ञान मी त्यातून मिळवलं.

दाजींचं घराणं देवगाव रंगारीकडचं, मेंढरं राखणारं. त्यांचं स्वतःचं लहानपण मेंढरांच्या मागंच गेलं. शिकले, शहरात आले, नोकरीला लागले, पण मेंढरू काही डोक्यातून गेलं नाही. त्यांचं ठाम मत आहे, "यंत्र म्हंजे काय पाव्हणं, जित्राबच. त्येला बोलता येत नाय, एवढंच." त्यामुळं मिक्सर बंद पडला की ते आधी त्याच्या पोटाला कान लावतात. मग तोंड उघडून आत बघतात. मग वास घेतात. पाण्याच्या मोटरीला ताप आहे का, हे हात उलटा करून पाहतात, आणि नळाला पाणी यायच्या दिवशी बटन दाबण्याआधी तिच्या पाठीवर दोनदा थाप मारून "चल माय, चल" म्हणतात. आता आमच्या शहरात नळाला पाणी येणं हा सणच; त्या दिवशी मोटर रुसली तर घरात सुतक. आणि ती हमखास रुसायची, कारण आदल्या रविवारी दाजींनी तिला उघडलेलं असायचं. उघडताना अकरा नट निघायचे, लावताना आठ लागायचे. उरलेल्या तिघांचं काय, असं मी विचारलं की दाजी शांतपणे म्हणायचे, "कारखानेवाले भेवून भेवून जास्तीचे लावतात हो."

त्यांच्या कूलरची गोष्ट तर आमच्या अख्ख्या नातलगांत प्रसिद्ध आहे. मार्च लागला की आमच्याकडं घरोघरी माळ्यावरचे कूलर खाली उतरतात. शेजारीपाजारी बिचारे त्यावरची धूळ झटकतात, नवा वाळा लावतात आणि गप्प झोपतात. दाजींनी मोटर खोलली, पंखा काढला, सगळं पुसून पुन्हा बसवलं आणि मोठ्या दिमाखात बटन दाबलं. पंखा उलटा बसला होता. खोलीतली होती नव्हती ती हवा ओढून घेऊन कूलर ती वाळ्यातून बाहेर गल्लीत फेकायला लागला. घरात आमचा जीव कासावीस, आणि बाहेर गल्लीत वाळ्याचा असा काही गारेगार सुगंध की समोरच्या आजींनी आपली खाट आणून खिडकीखाली टाकली आणि पाच मिनिटांत घोरायला लागल्या. चूक कबूल करणं हे दाजींच्या स्वभावात नाही. ते म्हणाले, "गार हवेशी मतलब ना? मंग बाहेर बसू." दोन दिवस ताईनं स्वयंपाक घरात केला आणि पंगत गल्लीत वाढली. तिसऱ्या दिवशी मिस्त्री येऊन पंखा सुलटा करून गेला, तेव्हा त्या आजी ताईशी आठवडाभर बोलल्या नाहीत.

आणि स्कूटर! एका रविवारी दाजींनी तिचं जुनं ऑइल काढून टाकलं आणि मग त्यांच्या ध्यानात आलं की नवं आणलेलंच नाही. दुकानं बंद. स्वयंपाकघरात ताईनं घाण्यावरून काढून आणलेलं करडीचं तेल होतं. "मान्साच्या पोटात जातंय, ह्याच्या पोटात कामून जाणार नाय?" असा रोकडा सवाल करून त्यांनी ते ओतलं, मला मागं बसवलं आणि आम्ही गुलमंडीच्या बाजाराला निघालो. दोन चौक गेलो नाही तोच आमच्या मागं भज्यांचा घमघमाट सुटला. सिग्नलला उभे राहिलो की लोक माना वळवून गाडा शोधायचे. गुलमंडीच्या तोंडाशी इंजिनानं एक उसासा टाकला आणि कायमचे डोळे मिटले, तेही नेमके एका म्हाताऱ्या मिस्त्रीच्या दुकानासमोर. आम्ही त्यांना चाचा म्हणतो. चाचांनी झाकण उघडलं, बोट बुडवलं, नाकाला लावलं आणि दाजींकडं वळले. "भाईजान," ते म्हणाले, "राई-जीरा भी डाल देते, बघार पूरा हो जाता." मग दोन्ही हात जोडून म्हणाले, "तुम बस बाहर से धो लिया करो. अंदर मत झाँको." ताईनं त्या दिवशी स्वयंपाकघरातलं तेल, मीठ, हळद, तिखट सगळं कपाटात घातलं, कुलूप लावलं आणि किल्ली कमरेला खोचली. बाईनं शहाणपणाच केला, पण त्याचा परिणाम पुढं भलताच झाला.

दाजींनी मग एक जुनी व्हॅन घेतली. कधीकाळी ती पांढरी असावी. तिचा एक दरवाजा दुसऱ्या कुठल्यातरी गाडीचा, निळा. तो मिटत नसे म्हणून आतून दोरीनं बांधलेला. पत्र्याला ठिकठिकाणी गंज. विजेच्या तारा दाजींनी स्वतः नव्यानं जोडल्यामुळं ती डावीकडं वळली की हॉर्न वाजायचा, आणि हॉर्न दाबला की वायपर हलायचे. या गाडीचं वर्णन दाजींनी गावाकडं फोनवर आपल्या वडलांना कसं करावं? "पांढरीफेक हाय, आबा. धुतलेल्या लोकरीवानी. डाग म्हणून नाय."

आबा म्हणजे दाजींचे वडील. ऐंशीच्या घरातला माणूस, जन्मभर मेंढरांमागं चालून पाय काठीसारखे झालेले, आवाज मात्र खणखणीत. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू पिकून गेली काही वर्षं त्यांना उजेड-अंधारापलीकडं फारसं दिसत नव्हतं. माणूस आवाजावरून ओळखायचे. ऑपरेशनचं नाव काढलं की उसळायचे, "मेंढरं इकली, म्हातारी गेली. आता काय बघायचं ऱ्हायलंय?" दाजी समजावून थकले, ताई रडून थकली. आणि एक दिवस आबांचा आपणहून फोन आला. "करू तुपलं ते आपरेशन. तुही गाडी बघायचीय मला. साऱ्या गावाला सांगून बसलोय. पर न्यायला तूच यायचं, आन् त्याच गाडीतून. दुसऱ्याच्या गाडीत मी पाय ठिवणार नाय."

फोन ठेवला तेव्हा दाजींच्या चेहऱ्यावर आनंद होता आणि आनंदाच्या खाली घाम होता. ताई म्हणाली, "अहो, खरं सांगून टाका. हसतील आणि सोडून देतील." दाजी म्हणाले, "खरं सांगितलं तर यायचेच नायत. मंग डोळं जातील ना त्येंचे." मी या माणसाला शॉक बसताना पाहिलाय, जॅक निसटून गाडीखाली अडकलेला पाहिलाय, पण घाबरलेला तेव्हा पहिल्यांदा पाहिला. बापाला दिसावं म्हणून हा जिवाचं रान करणार, आणि बापाला दिसायला लागलं की त्याला पहिल्यांदा दिसणार ती हीच गाडी. तरण्याताठ्या पोरानं बापाला थाप मारली तर चालून जातं. पन्नाशी उलटलेल्यानं मारलेली थाप फार जड असते.

मग त्यांनी चार दिवस रजा काढून व्हॅन दुरुस्तीला घेतली, आणि चार दिवसांत ती होती त्याच्या निम्मी उरली. निघायच्या आदल्या संध्याकाळी रेडिएटर गळायला लागला. खाली थेंब थेंब पाणी. यावर ट्रकवाल्यांचा एक जुना उपाय आहे: रेडिएटरमध्ये चमचाभर हळद टाकायची, ती भेगेत जाऊन बसते आणि गळती थांबते. दाजींनी ताईकडं हळद मागितली. ताईनं किल्लीवर हात ठेवला आणि म्हणाली, "जीव गेला तरी देणार नाही." आता ज्यांच्या घरात खंडोबा आहे त्यांच्या देव्हाऱ्यात भंडाऱ्याचा डबा असतोच, आणि भंडारा म्हणजे शेवटी हळदच. दाजींनी हातपाय धुतले, देवापुढं उभे राहिले आणि म्हणाले, "देवा, उसना घेतो." हे मी माझ्या कानांनी ऐकलं. चमचा देव्हाऱ्यात नव्हता, आणि भंडारा चिमटीनं मोजणं त्यांना बरं वाटेना. अख्खा डबा आत रिकामा केला. सकाळी जमीन कोरडी! दाजींनी माझ्याकडं अशा नजरेनं पाहिलं की मी मुकाट्यानं गाडीत जाऊन बसलो.

जाताना व्हॅन नीट गेली, हे मी देवाशपथ सांगतो. देवगावात आबा धोतर, नवं मुंडासं, खांद्यावर घोंगडी अशा थाटात ओट्यावर तयार होते, आणि सोबत निम्मं गाव. गावाला दिसत होतं. पण देवगावच्या लोकांचं मला कौतुक वाटतं, एकजणही काही बोलला नाही. आबांना पुढच्या सीटवर बसवलं. त्यांनी समोरच्या फळीवरून हात फिरवला, म्हणाले, "मऊ हाय." मग बोटांना दोरी लागली. "ह्यो दोर कसला रं?" दाजी म्हणाले, "पट्टा हाय, आबा. सेफ्टीचा. कायदाच हाय तसा." या गाडीचं इंजिन पुढच्या सीटच्या खालीच असतं. थोडं अंतर गेल्यावर आबा चुळबुळ करायला लागले. "बूड शेकायलंय." दाजी म्हणाले, "थंडीची सोय केलीय, आबा." डावं वळण आलं, हॉर्न वाजला. आबा खूष झाले. "वळणाला आपसूक वाजतो व्हय?" "आपसूक!" मी मागं बसून खिडकीबाहेर बघत होतो, कारण दाजींशी नजरानजर झाली असती तर मला हसू आवरलं नसतं.

कसाबखेडा मागं पडलं आणि पुढून वाफ यायला लागली. दाजींनी गाडी कडेला घेतली. आबाही काठी टेकत उतरले आणि दमलेल्या बैलाजवळ जावं तसे गाडीच्या पुढ्यात जाऊन उभे राहिले. "दाजी, थांबा, थंड होऊ द्या," असं मी ओरडेपर्यंत त्यांनी ओलं पोतं टाकून झाकण फिरवलंसुद्धा. मी आबांना मागं ओढलं एवढं आठवतं. पुढच्या क्षणी डबाभर भंडारा आणि सगळं पाणी फसफसून आभाळात गेलं. काय तो फवारा! घरापेक्षा उंच, पिवळाधमक. वरून खाली येईस्तोवर कोमट झाला हे आमचं नशीब, नाहीतर तिघंही भाजलो असतो. गाडी पिवळी, रस्ता पिवळा, दाजी पिवळे, मी पिवळा, आबांचं नवं मुंडासं पिवळं. आबांनी तोंडावरचं ओघळणारं पाणी हातावर घेतलं, त्याचा वास घेतला, आणि त्यांचा चेहरा असा काही उजळला की विचारू नका. दोन्ही हात वर करून त्यांनी आरोळी ठोकली, "येळकोट येळकोट जय मल्हार!"

आता रस्त्यानं येणाऱ्या-जाणाऱ्यांनी काय समजावं? एक ट्रॅक्टर थांबला. मागून दोन मोटारसायकली थांबल्या. एका बाईनं चपला काढून व्हॅनच्या पाया पडून पत्र्यावरचा भंडारा कपाळाला लावला आणि मला विचारलं, "कुठल्या देवाच्या ठाण्याची गाडी म्हणायची?" ट्रॅक्टरवाल्यानं आपल्याजवळचा नारळ पुढच्या चाकाशी फोडला. दाजी सारखे म्हणत होते, "आवो, रेडिएटर हाय तो," पण कोण ऐकतो? शेवटी तेही हात जोडून उभे राहिले. गाडी थंड झाल्यावर जवळच्या विहिरीवरून लोकांनीच घागरी भरून आणल्या, रेडिएटर भरला, आणि येळकोट म्हणत धक्का मारून आमची वरात शहराकडं लावून दिली. एवढं मात्र खरं, आदल्या रात्री थांबलेली गळती पुन्हा काही सुरू झाली नाही.

डोळ्यांच्या दवाखान्यात नर्सबाईंनी आबांना वरपासून खालपर्यंत पाहिलं. "बाबांना कावीळ कधीपासून आहे?" मग तिची नजर दाजींवर गेली, मग माझ्यावर. "आणि तुम्हा दोघांना?" डॉक्टर हसून हसून खुर्चीत बसले. म्हणाले, स्वच्छ आंघोळ घाला, डोळ्यांची पुन्हा तपासणी करू, आज राहू द्या, उद्या एका डोळ्याचं ऑपरेशन करू, परवा पट्टी निघेल. ताई दवाखान्यात येऊन आबांपाशी थांबली आणि दाजींना आयते दोन दिवस मिळाले.

त्या दोन दिवसांत त्यांनी साबण, राख, रॉकेल सगळं वापरून व्हॅन घासली. हळद ती, जाते कुठली. शेवटी पांढरा रंग आणला आणि ब्रशानं द्यायला सुरुवात केली. अर्ध्या गाडीत डबा संपला. दसऱ्याला घर रंगवताना उरलेला चुना पोत्यात पडून होता. तो त्यांनी डिंकात कालवला आणि उरलेल्या अर्ध्या गाडीला फासला. हळदीला चुना लागला की त्याचं कुंकू होतं, हे आपल्याकडच्या कुठल्याही बाईला विचारा. दाजींनी विचारलं नाही. त्यांच्या डोळ्यांदेखत गाडी लाल व्हायला लागली. जितका चुना लावावा तितकी जास्त लाल. ताई आबांचा डबा न्यायला घरी आली होती, ती दारातच उभी राहून म्हणाली, "आता हिची ओटी भरू का?" दाजी ब्रश हातात घेऊन पायरीवर बसले आणि हलक्या आवाजात म्हणाले, "पाव्हणं, उद्या त्येंला काय दाखवू?" मी त्यांच्या शेजारी जाऊन बसलो.

दुसऱ्या दिवशी व्हॅन दवाखान्यासमोर उभी होती: अर्धी पांढरी, अर्धी कुंकवाची, मध्येच निळा दरवाजा. पट्टी निघाली. ताईनं आबांचा हात धरून त्यांना पायऱ्यांवर आणलं. डोळ्यांवर काळा चष्मा. दाजी गाडीला जमेल तेवढं झाकत, दोन्ही हात पसरून पुढ्यात उभे. आबांनी चष्मा कपाळावर सरकवला, डोळा बारीक केला, आणि पायऱ्या उतरून सरळ चालत आले. हाताला धरायची गरजच पडली नाही. दाजी मान खाली घालून म्हणाले, "आबा, ही... ही बघा गाडी. म्या तुमाला जरा वाढवून..."

आबा गाडीकडं बघतच नव्हते. ते दाजींच्या तोंडाकडं बघत होते. त्यांनी हात वर नेला आणि दाजींच्या कानामागच्या केसांवरून फिरवला.

"आरं, केस कवा पांढरं झालं तुझं?"

"झाले की आबा. लई वर्सं झाली. गाडी बघा ना."

"गाडी कुठं पळती? उभीच हाय न्हवं," आबा म्हणाले. "तू थांब हितं. तुला बघू दे मला."

दाजींनी पसरलेले हात खाली घेतले. शाळेत फोटोच्या वेळी पोरं उभी राहतात तसे, हात सरळ, मान ताठ, पापणीसुद्धा न लववता ते उभे राहिले. डोळ्यांतून पाणी गळत होतं, तेही त्यांनी पुसलं नाही. आबा सावकाश, सगळीकडून त्यांना बघत होते. ताई आणि मी बाजूला झालो.

आबा त्यानंतर फार दिवस जगले नाहीत. दुसऱ्या डोळ्याचं ऑपरेशन करायचं राहूनच गेलं. पण जेवढे दिवस होते तेवढे दिवस ते दर पंधरवड्याला फोन करायचे आणि दाजींना म्हणायचे, "येऊन जा. बघून घेऊ दे."